कोरी समजून पुसलेली फीत

१९८२ सालच्या उन्हाळ्यात बाबांनी आज्जीच्या ओव्या टेप केल्या. टेपरेकॉर्डर मुंबईच्या काकांनी आणलेला. खानापूर तालुक्यातल्या आमच्या गावात तेव्हा तसली यंत्रे दोन की तीन. नुसते बसून गायला आज्जीला संकोच वाटे. जात्याचा खुंटा हातात असल्याशिवाय तिला ओवी सुचत नसे. मग बाबांनी जाते पुसून घेतले, त्यात मूठ मूठ नाचणी घातली आणि तिला बसवले. जात्याची घरघर आणि तिचा आवाज असा तासाभराचा ऐवज एका कॅसेटवर उतरला. पुढच्याच वर्षी आज्जी गेली.

१९८५ च्या मार्च महिन्यात मेलबर्नला भारत आणि पाकिस्तान यांचा अंतिम सामना होता. मी दहावीत होतो. रेडिओवरचे धावते समालोचन टेप करून ठेवावे, अशी हुक्की मला आली. फडताळात एक कॅसेट होती. तिच्यावर काहीही लिहिलेले नव्हते. मी ती यंत्रात घातली, लाल बटण दाबले, एक बाजू संपल्यावर उलटून दुसरीही वापरली. भारत जिंकला. संध्याकाळी बाबा शेतातून आले, त्यांनी यंत्रातून कॅसेट काढून हातात घेतली आणि बराच वेळ ते काही बोललेच नाहीत. शेवटी म्हणाले, "तुझी चूक नाही रे. वर नाव लिहायला मीच विसरलो."

ह्या घरगुती गोष्टीशी वाचकांना कर्तव्य नाही, हे मी जाणतो. परंतु पुढे इतिहासाचा विद्यार्थी म्हणून चुंबकीय फितीविषयी जे जे वाचत गेलो, त्यात एक गोष्ट अशी सापडली की चकित झालो. जी चूक दहावीतल्या पोराने फडताळापुढे उभे राहून केली, तीच चूक चंद्रावर माणूस पाठवणाऱ्या संस्थेनेही केली होती, आणि कारणही तेच होते. त्याच संस्थेची दुसरी एक फीत मात्र एका बाईंच्या हट्टामुळे वाचली. ह्या दोन फितींची हकिकत सांगण्यासाठी हा लेख. पण तिथे पोचण्याआधी फीत म्हणजे काय आणि तिच्यावर राखीव प्रती ठेवण्याची रीत कशी पडली, ते थोडक्यात पाहू.

*

फितीचे शास्त्र तसे सोपे आहे. प्लास्टिकच्या पातळ पट्टीवर लोहाच्या ऑक्साइडची, म्हणजे गंजाच्या जातीच्या पदार्थाची, अतिसूक्ष्म भुकटी चिकट द्रव्यात कालवून लेपलेली असते. त्यातला प्रत्येक कण हा एक चिमुकला लोहचुंबक होय. यंत्राच्या 'हेड'मधून विजेचा प्रवाह कमीजास्त होत जातो, तसतसे त्याच्याखालून सरकणाऱ्या कणांचे चुंबकत्व बदलते आणि बदललेले तसेच राहते. वाचताना ह्याच्या उलट घडते. कण हेडखालून सरकतात आणि त्यांच्या चुंबकत्वामुळे हेडमध्ये क्षीण प्रवाह उमटतो. लिहिलेले हवे तितक्या वेळा वाचता येते. आणि नको असेल तर त्यावरच नवे लिहिता येते. ताम्रपटावरचा मजकूर खोडायचा तर तांबे खरवडावे लागते आणि ओरखडा कायम राहतो. पाटी पुसली तरी पांढुरका डाग उरतो. फीत मात्र पुसली की डोळ्यांना काहीच दिसत नाही. भरलेली फीत आणि कोरी फीत शेजारी ठेवा, दोन्ही सारख्याच तपकिरी.

ह्या कल्पनेचा पहिला यशस्वी प्रयोग व्हाल्डेमार पौलसेन ह्या डॅनिश अभियंत्याने १८९८ साली केला. त्याने फीत नव्हे, पोलादी तार वापरली. १९०० च्या पॅरिस प्रदर्शनात ऑस्ट्रियाचे सम्राट फ्रान्झ योझेफ यांनी त्या यंत्रापुढे दोन शब्द बोलून दाखवले. तो आवाज आजही शिल्लक आहे; चुंबकीय मुद्रणांपैकी उपलब्ध असलेले ते सर्वांत जुने.

तारेला गुंता होई. तुटली तर गाठ मारावी लागे. ह्यावर तोड काढली ड्रेस्डेनच्या फ्रिट्झ फ्लॉयमर यांनी. त्यांचा मूळ उद्योग मौजेचा. उंची सिगारेटींच्या टोकाला सोनेरी पट्टा असे, तो खऱ्या सोन्याच्या वर्खाऐवजी धातूच्या भुकटीने स्वस्तात कसा लावता येईल, हे त्यांनी शोधून काढले होते. कागदावर धातूची भुकटी चिकटवता येते, मग लोहचुंबकाची का नाही, असा विचार करून त्यांनी कागदी फीत बनवली आणि १९२८ साली तिचे पेटंट घेतले. फाटली तर डिंकाने चिकटवता येई, हा तिचा मोठा गुण. पुढे आएगे ह्या जर्मन कंपनीने यंत्र आणि बीएएसएफने फीत तयार केली, आणि १९३५ साली बर्लिनच्या रेडिओ प्रदर्शनात 'मॅग्नेटोफोन' लोकांपुढे आला. दुसरे महायुद्ध संपल्यावर जॅक मलिन ह्या अमेरिकन सैनिकी अधिकाऱ्याने अशी दोन यंत्रे सुटी करून मायदेशी पाठवली. १९४७ पासून गायक बिंग क्रॉस्बी यांचा रेडिओ कार्यक्रम आधी फितीवर मुद्रित करून मग प्रक्षेपित होऊ लागला. तिथून फीत जगभर पसरली.

*

संगणकाला फीत मिळाली ती १९५१ साली. एकर्ट आणि मॉचली ह्या जोडीने बांधलेला 'युनिव्हॅक' हा संगणक अमेरिकेच्या जनगणना कार्यालयाने ३१ मार्च १९५१ रोजी ताब्यात घेतला. त्याची फीत प्लास्टिकची नव्हती, धातूची होती. अर्धा इंच रुंद काशाची पट्टी आणि तिच्यावर निकेलचा मुलामा. पुढच्याच वर्षी आयबीएमने '७२६' हे यंत्र आणले. तिथे फीत प्लास्टिकची झाली, रिळे हलकी झाली आणि एका रिळावर सुमारे २० लाख अंक मावू लागले. त्या काळी माहिती भोके पाडलेल्या पुठ्ठ्याच्या कार्डांवर ठेवीत. एका कार्डात ८० अक्षरे. म्हणजे कार्डांचा पंचवीसेक हजारांचा ढीग एका रिळात आला.

अडचण एकच होती. संगणकाला फीत क्षणात पळवायची आणि क्षणात थांबवायची असे. जड रीळ तसे थांबत नाही आणि मग फीत तुटते. जेम्स वायडनहॅमर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रीळ आणि हेड यांच्यामध्ये दोन उभ्या नळ्या बसवल्या व त्यांतली हवा ओढून घेतली. फितीचा सैल झोळ त्या नळ्यांत लोंबत राही. झटका आला की आधी झोळ वरखाली होई, रीळ मागाहून सावकाश फिरे. जुन्या चित्रपटांत संगणक म्हणून कपाटाएवढी यंत्रे आणि त्यांच्यावर थांबत थांबत फिरणारी दोन चाके दाखवतात, ती हीच.

आता मुख्य मुद्दा. राखीव प्रत ठेवण्याची रीत ह्या फितीच्या कामाच्या पद्धतीतूनच आपोआप निघाली. समजा, एका बँकेचे हिशेब फितीवर आहेत. कालच्या शिलकीची फीत एका यंत्रावर लावायची, आजच्या व्यवहारांची दुसऱ्यावर. संगणक दोन्ही वाचतो आणि तिसऱ्या फितीवर आजची शिल्लक लिहितो. कालची फीत जशीच्या तशी उरते. उद्या ह्या नव्या फितीपासून आणखी नवी तयार होईल. अशा तीन पिढ्या हाताशी ठेवायच्या, असा दंडक पडला आणि त्याला नाव मिळाले 'आजोबा-बाप-मुलगा'. मुलाची फीत बिघडली, तर बापाची फीत आणि त्या दिवसाचे व्यवहार एकत्र करून नवा मुलगा घडवता येतो. बापही बिघडला, तर आजोबा आहेत. चौथी पिढी जन्मली की आजोबांची फीत पुन्हा वापरात घ्यायची. आपल्याकडे श्राद्धाला बाप, आजोबा, पणजोबा एवढ्याच तीन पिढ्यांची नावे घेतात. त्यापलीकडची बहुतेकांना ठाऊकही नसतात. संगणकवाल्यांचा हिशेब तसाच झाला. पुढे हीच नावे रोजची प्रत, आठवड्याची प्रत आणि महिन्याची प्रत यांना लागली.

चुकून पुसले जाऊ नये म्हणूनही एक साधी युक्ती होती. रिळाच्या पाठीमागे गोल खाच असे. त्या खाचेत प्लास्टिकचे कडे बसवले, तरच यंत्र त्या फितीवर लिहू शके. कडे काढून घेतले की फीत फक्त वाचण्यापुरती. म्हणजे पुसण्यासाठी माणसाला मुद्दाम एक कृती करावी लागे. आपल्या गाण्याच्या कॅसेटच्या मागच्या कडेला प्लास्टिकचे दोन चिमुकले चौकोन असत, ते मोडून टाकण्यामागे हाच हेतू होता. बाबांनी ते मोडले असते तर माझ्या यंत्राचे लाल बटण दबलेच नसते.

*

१९५६ मध्ये आयबीएमनेच फिरत्या चकत्यांचे यंत्र काढले. २४ इंच व्यासाच्या ५० चकत्या आणि त्यांवर सुमारे ५० लाख अक्षरे. फितीवर मधले एखादे पान हवे असेल तर तिथपर्यंत सगळी फीत गुंडाळत जावे लागते. चकतीवर थेट हवे तिथे जाता येते. त्यामुळे रोजचे काम हळूहळू चकतीकडे गेले. फितीचे दिवस भरले, असे तेव्हापासून कितीकदा म्हणून झाले. पण फीत गेली नाही. तिचे काम बदलले. शिक्षकाच्या भाषेत सांगायचे तर चकती हा फळा झाला आणि फीत ही वही. फळ्यावर रोज लिहावे, पुसावे. महत्त्वाचे ते वहीत उतरवून वही दप्तरात ठेवावी.

ही वही पुढे फार दाट लिहिली जाऊ लागली. १९८४ साली आयबीएमने उघड्या रिळाच्या जागी तळहातावर मावणारी चौकोनी डबी आणली. तिच्यात २० कोटी अक्षरे राहत. २००० साली 'एलटीओ' नावाची पद्धत तीन कंपन्यांनी मिळून सुरू केली, तिच्या पहिल्या डबीत १०० गिगाबाइट माहिती मावे. २०२१ मध्ये आलेल्या नवव्या पिढीच्या डबीत १८ हजार गिगाबाइट मावू लागले. अर्धा इंच रुंदीची, एक किलोमीटरहून थोडी लांब फीत तिच्यात गुंडाळलेली असते. १९५२ च्या रिळाशी तुलना केली तर अशी सुमारे नव्वद लाख रिळे एका डबीत गेली. २०२५ मध्ये ३० हजार गिगाबाइटची डबी आली आहे. जिनिव्हाजवळची सर्न ही अणुकणांचा अभ्यास करणारी प्रयोगशाळा आपल्या प्रयोगांची माहिती आजही फितीवरच जतन करते. कपाटात ठेवलेल्या फितीला वीज लागत नाही, हे एक कारण. दुसरे कारण याहून महत्त्वाचे आहे, त्याकडे पुढे येऊ.

*

आता त्या दोन फिती.

पहिली १९६९ ची. जुलै महिन्यात अपोलो ११ चे दोन वीर चंद्रावर उतरले आणि जगाने ते दूरचित्रवाणीवर पाहिले. त्या चित्रांत सगळे धुरकट, भुतासारखे दिसते, हे वाचकांनी पाहिलेच असेल. दोष चंद्रावरच्या कॅमेऱ्याचा नव्हता. तो कॅमेरा सेकंदाला १० चित्रे पाठवी, प्रत्येक चित्र ३२० ओळींचे. अमेरिकेच्या दूरचित्रवाणीला मात्र सेकंदाला ३० चित्रे आणि ५२५ ओळी लागत. म्हणून जमिनीवरच्या केंद्रात चंद्राचे चित्र एका पडद्यावर उमटवायचे आणि त्या पडद्यासमोर दुसरा कॅमेरा लावून त्याचे चित्र जगाला दाखवायचे, अशी व्यवस्था होती. नकलेची नक्कल म्हटल्यावर ती फिकी पडणारच.

मूळ चित्रे मात्र ऑस्ट्रेलिया व कॅलिफोर्निया इथल्या केंद्रांत एक इंच रुंदीच्या फितींवर, यानाच्या इतर मोजमापांसोबत, टिपून घेतली होती. ती कशासाठी? राखीव प्रत म्हणून! थेट प्रक्षेपण बिघडलेच, तर हाताशी असावी म्हणून. प्रक्षेपण सुरळीत पार पडले, आणि राखीव प्रतीची कुणाला आठवण राहिली नाही. फिती नासाच्या गोडार्ड केंद्रात गेल्या, तिथून सरकारी अभिलेखागाराच्या कोठारात. पुढे गोडार्डनेच त्या परत मागवून घेतल्या.

साल २००० नंतर ह्या फितींचा शोध सुरू झाला. ज्यांच्या हाताखाली तो कॅमेरा तयार झाला होता ते स्टॅन लेबार आणि नासाचे अभियंते रिचर्ड नाफ्झगर यांनी इतर निवृत्त सहकाऱ्यांसह कोठारे धुंडाळली, जुनी कागदपत्रे चाळली. २००९ साली नासाने निष्कर्ष जाहीर केला. १९७० नंतरच्या काळात उपग्रहांकडून येणारी माहिती अफाट वाढली होती, नव्या फितींचा तुटवडा पडला होता, आणि म्हणून जुन्या सुमारे दोन लाख फिती चुंबकाने पुसून पुन्हा वापरण्यात आल्या. चंद्रावरच्या पहिल्या पावलाची मूळ चित्रे बहुधा त्यांतच गेली.

इथे कुणी खलनायक नाही, हे लक्षात घ्यावे. कुणी द्वेषाने जाळपोळ केली नाही. कुणा कारकुनापुढे डब्यांची रास असेल, त्यांवर नुसते क्रमांक असतील, वरून मागणी असेल की फिती पाठवा. आत काय आहे हे सांगणारे कुणी शेजारी उभे नव्हते. दूरचित्रवाणी कंपन्यांकडे प्रक्षेपणाच्या ज्या प्रती होत्या, त्याच गोळा करून, साफ करून नासाला समाधान मानावे लागले.

*

दुसरी फीत तीन वर्षे आधीची. माणूस उतरवायचा तर चंद्राची जमीन आधी नीट पाहायला हवी, म्हणून १९६६ आणि १९६७ मध्ये नासाने 'ल्यूनर ऑर्बिटर' नावाची पाच याने पाठवली. त्यांत साधी फिल्म होती. यान चंद्राभोवती फिरता फिरता छायाचित्रे घेई, तिथेच ती फिल्म धुऊन काढी, मग प्रकाशाच्या बारीक झोताने ती वाचून पृथ्वीकडे पाठवी. २३ ऑगस्ट १९६६ रोजी पहिल्या यानाने चंद्राच्या क्षितिजावर टेकलेल्या पृथ्वीचे छायाचित्र घेतले. चंद्राजवळून घेतलेले पृथ्वीचे हे पहिलेच चित्र. तेव्हा छापले गेले ते मात्र पट्ट्यापट्ट्यांचे, भरड.

मूळ संकेत सुमारे दीड हजार मोठ्या फितींवर होते. १९८५ च्या आसपास त्या टाकून द्यायची वेळ आली. कॅलिफोर्नियातल्या जेट प्रॉपल्शन लॅबोरेटरीत नॅन्सी इव्हान्स ह्या ग्रहांविषयीच्या माहितीची व्यवस्था पाहत. त्या फिती नष्ट करायला त्यांचे मन घेईना. त्यांनी त्या ठेवून घेतल्या. मग प्रश्न आला, ह्या वाचायच्या कशावर? त्या वाचणारे 'अँपेक्स एफआर-९००' हे यंत्र फ्रीजएवढे अवाढव्य आणि बनायचे कधीच बंद झालेले. हवाई दलाच्या एका तळावर तसली काही यंत्रे मोडीत निघत असल्याचे कळल्यावर इव्हान्स बाईंनी ती मिळवली आणि ठेवायला जागा नाही म्हणून स्वतःच्या घराच्या गॅरेजात नेऊन ठेवली. दुरुस्तीसाठी पैसा मागितला, तो मिळाला नाही. त्या निवृत्त झाल्या. यंत्रे दोन दशके धूळ खात पडून राहिली, पण भंगारात गेली नाहीत.

२००७ साली ही बातमी डेनिस विंगो आणि कीथ काउइंग यांच्या कानी गेली. त्यांनी फिती आणि यंत्रे नासाच्या एम्स केंद्रात आणली. जागा मिळाली ती त्या आवारातल्या बंद पडलेल्या मॅक्डोनाल्डच्या खाणावळीत! तिथे जुन्या निवृत्त तंत्रज्ञांना शोधून आणून, सुटे भाग जमवून एक यंत्र चालू केले. नोव्हेंबर २००८ मध्ये पृथ्वीचे ते चित्र नव्याने प्रसिद्ध झाले. ४२ वर्षांपूर्वी कुणी पाहिला नव्हता इतका तपशील त्यात होता. तो सारा तपशील फितीत पहिल्या दिवसापासून होताच.

संस्था एक, काळ एक, फितीचे शास्त्र एक. फरक एवढाच की एका ठिकाणी 'हे काय आहे ते मला माहीत आहे, मी टाकू देणार नाही' असे म्हणणारे माणूस होते. आणि त्या माणसाने फितीसोबत यंत्रही सांभाळले. मोडी वाचणारा कुणी उरला नाही तर दप्तर शाबूत असून काय उपयोग? आपल्या भागात घराघरांत मोडी कागदांची गाठोडी आहेत, त्यांचे दुखणे हेच आहे.

*

ह्यावर कुणी म्हणेल, हे सगळे जुने झाले. आता माहिती एकाच वेळी दहा ठिकाणी असते. तिच्यासाठी दोन अलीकडच्या घटना सांगतो.

२७ फेब्रुवारी २०११ रोजी गूगलच्या जीमेलवरच्या काही ग्राहकांची सगळी पत्रे नाहीशी झाली. शंभरात ०.०२ लोकांची, म्हणजे दर पाच हजारांत एकाची. गूगल प्रत्येक पत्राच्या अनेक प्रती वेगवेगळ्या शहरांत ठेवते. पण चूक संगणकाच्या आज्ञावलीत होती, आणि सगळ्या प्रती तिच्याच हुकमतीखाली असल्याने ती सगळीकडे पोचली. मग पत्रे परत कुठून आणली? फितींवरून. त्या यंत्रातून काढून ठेवलेल्या होत्या, कुठल्याही तारेला जोडलेल्या नव्हत्या, म्हणून चूक त्यांच्यापर्यंत जाऊच शकली नाही. वर मी दुसरे कारण म्हटले ते हे. दहा प्रती एकमेकींना जोडलेल्या असतील तर त्या दहा नव्हेत, एकच. आजकाल संगणकातली माहिती कुलूपबंद करून खंडणी मागणारे चोर आहेत. त्यांच्यापुढेही कपाटातली फीतच टिकते.

दुसरी घटना दक्षिण कोरियातली. २६ सप्टेंबर २०२५ रोजी डेजॉन शहरातल्या सरकारी संगणक केंद्रात बॅटऱ्यांना आग लागली. सरकारी नोकरांनी आपल्या कामाची कागदपत्रे जिथे ठेवावीत असा नियम होता, ते ८५८ हजार गिगाबाइटचे कोठार जळून गेले. एवढ्या मोठ्या कोठाराची बाहेर राखीव प्रत ठेवणे अवघड म्हणून ती ठेवलेलीच नव्हती. ज्या देशाचे नाव संगणकाच्या बाबतीत आदराने घेतात, तिथली ही गोष्ट.

दुसऱ्याला हसण्याचा अधिकार मला नाही. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात मी ज्या शाळेचा मुख्याध्यापक होतो तिच्या कार्यालयात कमरेइतके पाणी शिरले. मुलांचे गुण आणि शिष्यवृत्तीच्या याद्या संगणकात होत्या. त्यांची प्रत एका वेगळ्या डिस्कवर दर शनिवारी घेत होतो, आणि ती डिस्क मी काळजीपूर्वक त्याच टेबलाच्या खालच्या खणात ठेवत होतो! दोन्ही एकाच पाण्यात गेली. वाचले ते सर्वांत वरच्या फळीवरचे, हाताने लिहिलेले जनरल रजिस्टर. आमच्या सीमाभागात त्या रजिस्टरातल्या 'मातृभाषा' ह्या रकान्याला काय मोल आहे, ते इथल्या वाचकांना मी सांगायला नको. मातृभाषेचा पुरावा मागायला माणसे आमच्याकडे येतात आणि आम्ही साठ-सत्तर वर्षांपूर्वीचे पान उघडून नक्कल काढून देतो. ते रजिस्टर वरच्या फळीवर होते हा निव्वळ योगायोग. त्याची तर दुसरी प्रतच नव्हती.

त्यानंतर आम्ही त्या रजिस्टरांच्या पानांची छायाचित्रे घेतली. एक प्रत शाळेत, एक संस्थेच्या दुसऱ्या गावच्या शाळेत. प्रत्येक डबीवर काय आहे, कोणत्या सालापासून आहे, हे मराठीत लिहिले. दर वर्षी जूनमध्ये एका शिक्षकाने दुसऱ्या गावची प्रत उघडून त्यातली कोणतीही दहा पाने मूळ रजिस्टराशी ताडून पाहायची, असा नियम केला. प्रत यंत्र काढते, पण ती उघडते का आणि बरोबर आहे का, हे माणसालाच पाहावे लागते. आणि त्या माणसाची बदली झाली तर पुढच्याला सांगून जावे लागते.

*

राहिली आज्जीची कॅसेट.

सामना संपला तेव्हा मी बटण बंद केले होते. दुसऱ्या बाजूची फीत तिथे संपलेली नव्हती. त्या संध्याकाळी बाबांनी ती पुढे चालवून पाहिली. समालोचकाचा आवाज मध्येच तुटतो, क्षणभर खरखर होते आणि एकदम जाते ऐकू येते. त्यापुढे चार मिनिटे आज्जी आहे. तासाभरातली एवढीच उरली. बाबांनी तेव्हाच कॅसेटच्या मागचे दोन्ही चौकोन सुरीने मोडून टाकले आणि वर शाईने आज्जीचे नाव आणि साल लिहिले.

बाबाही आता नाहीत. काही वर्षांपूर्वी बेळगावातल्या एका जुन्या रेडिओ दुरुस्त करणाऱ्याकडे चालू स्थितीतला टेप मिळाला, त्याच्यावरून ती चार मिनिटे संगणकात उतरवून घेतली. एक प्रत माझ्याकडे, एक पुण्याला बहिणीकडे, एक धाकट्या काकांच्या मुलाकडे मुंबईत. तिन्हींवर नाव आहे. मूळ कॅसेट फडताळात आहे, तिला आम्ही हात लावत नाही.

पाडव्याला बहीण माहेरपणाला येताना तिची प्रत आणते. जेवणे झाल्यावर आम्ही ती लावतो. मुलांना वाटते, ही आमची भाबडी आठवण. तशी ती आहेच. पण वर्षातून एकदा प्रत तपासून पाहण्याचे कामही त्यातच उरकते. यंदा माझ्या नातीने विचारले, "आज्जा, मागे घर घर वाजतंय ते काय?" तिने जाते पाहिलेले नाही. ते माळ्यावर आहे. ह्या सुट्टीत खाली काढायचे ठरले आहे.